फळीखालचं सिलिंडर

"सूनबाई, पोरीच्या दप्तराले गॅसचा वास येऊन राह्यला," गंगूबाईंनी होळीच्या आधीच सांगितलं होतं. धम्मदीपा पोळ्या लाटता लाटता हसली. बी.एस्सी. झालेली सून ती. गॅसला स्वतःचा वास नसतो, माणसानं सावध व्हावं म्हणून तो मुद्दाम घालतात, असं तिनं सासूला समजावलं. "फुलसिंगभाऊंनी शाळेच्या जुन्या व्हॅनला गॅसची किट बसवली, आई. थोडाफार येणारच."

"मंग सावध कोनं व्हाचं?" गंगूबाईंनी विचारलं. धम्मदीपानं पोळी उलटली.

यात्रेनंतरच्या सोमवारी तिची पाच वर्षांची लेक रूपा डबा विसरून शाळेला निघाली. धम्मदीपा धावत आसेगावच्या फाट्यावर पोचली. व्हॅन चालूच होती, आत अकरा लेकरं. तिनं मागचं दार उघडलं आणि वासानं तिचं डोकं भणाणलं. रूपा बसली होती त्या फळीखाली घरगुती सिलिंडर आडवं टाकलेलं, रबरी नळीला तारेचे वेढे. आणि सिलिंडरच्या कड्यावर जांभळ्या नेलपॉलिशचे तीन ठिपके.

ठिपके तिचेच. शेजारीपाजारी दिलेलं सिलिंडर ओळखून परत घेता यावं म्हणून तिनं लावलेले. पोहरादेवीच्या यात्रेत स्वयंपाकाले पाहिजे म्हणून फुलसिंगनं ते मागून नेलं होतं. जेवणावळीच्या कामाला नाही कसं म्हणायचं!

"फुलसिंग, उतर खाली!" तोंडातला 'भाऊ' गळालाच.

"काय झालं वहिनी?"

"यात्रेत किती पंगती उठल्या रे माह्या सिलिंडरवर?"

फुलसिंग ओशाळून हसला. "अवो, गॅसचा पंप इथं कुठं हाये? किटची पक्की टाकी कोरडीच राह्यते. समदेच असंच चालवतेत. इतके दिवस काई झालं काय?"

"व्हाची वाट पाह्यतं काय तू? बसव तुह्या पोराले या फळीवर, अन् मंग हास!"

तिनं खिडकीतून हात घालून गाडी बंद केली, किल्ली काढून मुठीत धरली. एकेक लेकरू उतरवून दूर लिंबाखाली बसवलं आणि घरोघरी फोन लावले. आया आल्या. एकीनं तिलाच सुनावलं, "आता शाळेत कोन नेईन, तू?" धम्मदीपाचा अर्धा राग स्वतःवरच होता. सांगितलं होतं ना आईंनी!

सिलिंडर तिनं घरी आणलं. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली. त्या कागदाचं काय झालं, कोणी सांगत नाही. चार दिवसांत फुलसिंगनं दुसरं सिलिंडर मिळवलं आणि व्हॅन पुन्हा सुरू झाली. दहा लेकरांच्या घरच्यांनी त्याला नाही म्हटलं. अकरावा अनुप. त्याची आई सपना पुण्यात कामाला, तिचा फोन लागत नाही. तो आजोबांकडं, उकंडरावांकडं राहतो. धम्मदीपा दोनदा त्यांच्या दारात जाऊन आली. "फुलसिंग चांगला मानूस हाये, पोरी. तू कायले भेतं?" म्हणत त्यांनी तिला चहा पाजून परत पाठवलं.

तिच्या एकटीचं ते ऐकत नाहीत. तुम्ही सकाळी आसेगावच्या रस्त्यानं जात असाल, तर पुढच्या फाट्यावर जरा थांबा. निळं दप्तर घेतलेला सहा वर्षांचा अनुप तिथं उभा असतो. पाहा, आजही आहे का. आणि व्हॅन आली, तर त्याला बसू देण्याआधी ती फळी उचला.