शुक्रवारचा दीड तास

"आमच्या घराण्यात तेरा पिढ्यांत कोणाचं यकृत बिघडलेलं नाही," बालाजीरावांनी उजवा हात छातीवर ठेवून जाहीर केलं, आणि नर्सने त्यांना अदबीने वजनकाट्यावरून खाली उतरायला सांगितलं. मुलांना कडेवर घेऊन आयांनी उभं राहायचा काटा होता तो. त्यावर अठ्ठ्याहत्तर किलो दिसत होते, आणि मागे एक बाई मूल घेऊन केव्हाची खोळंबली होती.

बालाजीराव उतरले. डॉ. वाणींनी फक्त एवढंच विचारलं होतं की रणवीरबरोबर कोण कोण आलंय.

रणवीर हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मूळपुरुष दत्ताजी साडेतीनशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन तंजावरला आले, असं ते पाहुण्यांना सांगत. दत्ताजी प्रत्यक्षात राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भाजी निवडणाऱ्यांवर देखरेख करत, असं घरातले कागद म्हणत. पण कागद कपाटात होते आणि किल्ली बालाजीरावांच्या जानव्याला. नातू आता सात महिन्यांचा होता. वजन पाच किलो तीनशे, डोळे हळदीच्या रंगाचे, हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं तट्ट फुगलेलं. आतल्या कक्षात तो चार दिवस सलाइनमधल्या साखरेवर होता.

डॉक्टरांच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर सून नंदिता बसली, दुसरीवर बालाजीराव. रणवीरचा बाप, बालाजीरावांचा मुलगा नवीन, ओरगडमच्या कारखान्यात कामावर होता. त्याची रजा मागच्याच महिन्यात संपली होती.

महिन्यापूर्वी पाठवलेल्या रक्ताचा अहवाल त्या सकाळी आला होता. डॉक्टर तमिळमधून, सावकाश बोलत होत्या. शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक वीजघरं असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. यकृताला ती फार लागतात. पोट रिकामं झालं की यकृत साठवलेली साखर सोडतं, ती संपली की चरबी जाळून नवी करतं, आणि ते सगळं या वीजघरांच्या जोरावर. रणवीरच्या यकृतात वीजघरांचे मूळ आराखडेच नीट उतरत नाहीत. म्हणून चरबी जळायच्या ऐवजी यकृतात साचते, रक्तात आम्ल वाढतं, आणि दूध थोडं लांबलं की साखर कोसळते.

बालाजीराव चौतीस वर्षं विजेच्या खात्यात होते. वीजघर म्हटल्यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं. त्यांनी खिशाचं बटण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात ना, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. "मी वाचलंय."

वाचलं तर होतंच. शनिवारी त्यांनी ते नवीनला सांगितलं होतं, रविवारी फोनवर पत्नी राजसबाईंना, आणि काल शेजारच्या खाटेवरल्या मुलाच्या आजोबांना. आवाज न चढवता, कोणाला दोष न देता, निव्वळ विज्ञान म्हणून. नंदिता तिन्ही वेळेला ऐकू येईल एवढ्या अंतरावर होती. तिन्ही वेळेला तिने दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या होत्या.

"मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, सर," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्यांच्याजवळ स्वतःची जनुकं सदतीसच. बाकी सगळं सामान पेशीच्या मुख्य भांडारातून येतं, आणि तिथे आईबापांचा वाटा निम्मा निम्मा. या मुलात बिघडलेलं जनुक त्या भांडारातलं आहे. एक प्रत आईकडून आली, एक वडिलांकडून. दोन्ही खराब आल्या तरच हा आजार होतो."

त्यांनी कोरा कागद ओढला आणि घराण्याचं झाड काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. बालाजीराव पुढे सरकले. झाडं ही त्यांची हद्द होती. पण तेरा पिढ्या कोणी विचारल्या नाहीत.

"तुमच्या वडिलांच्या आईचं नाव?"

"कनकाबाई. कुंभकोणमच्या."

"आणि तुझ्या आईची आई, तिची आई?" डॉक्टरांनी नंदिताकडे पाहिलं.

"कनकाबाईच."

"नाव एक, की बाई एक?"

"बाई एक," नंदिता म्हणाली. "माझी आजी यांची आत्या. आमच्यात सगळे असेच. घरं थोडी, बाहेर कोण देतो?"

डॉक्टरांनी कागदाच्या दोन टोकांना काढलेल्या दोन वर्तुळांपैकी एक खोडलं आणि तिथून दुसऱ्यापर्यंत लांब रेघ ओढली. बालाजीराव त्या रेघेकडे बघत राहिले. चार दिवस ते ज्या 'तिकडच्या बाजूला' बोट दाखवत होते, ती बाजू त्यांच्याच आत्याची निघाली होती. लहानपणी तिने त्यांना घास भरवले नव्हते एवढंच. बाकी सगळं तिच्याच मांडीवर झालं होतं.

"आता शुक्रवारचं सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

बालाजीरावांनी खिशाचं बटण लावलं. ज्या शुक्रवारला ते चार दिवस आईकडून येणाऱ्या विज्ञानाखाली दाबून ठेवत होते, तो हाच.

"शेवटचं दूध केव्हा?"

"सात वाजता," नंदिता म्हणाली. "दहाला उठवलं तर उठेना. ओठाला लावलं, गिळेना."

"मूल सुस्त झालं तर लगेच आणा, असं आधीच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"हो."

"इथे नोंद बारा पंचवीसची आहे. साखर चोवीस. वेस्ट मांबलमच्या घरून इथे यायला किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं."

पेन थांबलं. नंदिताने पदराचा काठ बोटाला गुंडाळला. बालाजीरावांना शुक्रवार दिसत होता: दहा पस्तीस, तिच्या खांद्याला पिशवी, तिच्या छातीशी मान टाकलेलं पोर, आणि दारात ते स्वतः, हातात तारखांचं कॅलेंडर. वाईट वेळेला दवाखान्याची पायरी नको, त्यांनी सांगितलं होतं, दीड तासाचा तर प्रश्न. ती भांडली असती तर त्यांनी वाट सोडली असती, असं ते रोज स्वतःला सांगत. ती भांडली नाही. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीवर बसली, आणि बारा वाजेपर्यंत पोराचे तळवे चोळत राहिली.

"आम्ही थांबलो," नंदिता म्हणाली.

आम्ही. बालाजीरावांनी मान वर केली.

"राहुकाळ होता," ते म्हणाले. "साडेदहा ते बारा. मी थांबवलं. हिने नाही."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

"शुक्रवारी त्या वेळात आमचा कक्ष रिकामा असतो," त्या म्हणाल्या. "बारा वाजले की रांग लागते. आम्ही जेवण त्याआधी उरकून घेतो."

"त्या दीड तासानं…" बालाजीरावांनी विचारलं.

"सांगता येत नाही. यकृत आधीच थकलेलं होतं. मेंदूला किती इजा पोचली ते उद्याच्या तपासणीत कळेल. मेंदू वाचला असेल तर यकृत बदलायचं बोलता येईल. नसेल तर…" त्यांनी कागदाची घडी घातली. "अशी पुष्कळ मुलं दुसरा वाढदिवस बघत नाहीत. तुम्हाला खोटं सांगून उपयोग नाही. आजपासून नळीने दूध सुरू करू. दर दोन तासांनी, रात्रंदिवस."

कक्षात दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून खाटेच्या पायाशी आलं होतं. रणवीरच्या नाकातून बारीक नळी गेली होती, गालावर चिकटपट्टीने धरलेली. नर्सने दट्ट्या काढलेली मोठी पिचकारी नळीला जोडली, त्यात दूध ओतलं, आणि ती बालाजीरावांच्या हातात दिली, कारण नंदिता दोन्ही हातांनी पोराचं डोकं आणि हात धरून होती. दाबायचं नाही, नर्स म्हणाली, नुसती उंच धरायची. दूध आपलं आपण उतरेल. मग ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

बालाजीरावांनी पिचकारी धरली. दुसरा हात मनगटाखाली लावला. चार दिवस त्यांनी एक बोलणं मनात बांधून ठेवलं होतं. त्यात घराण्याचा उल्लेख होता, वडीलधाऱ्यांच्या चुकीचा होता, आणि शेवटी तिच्यापुढे हात जोडणं होतं, जे आता पिचकारीमुळे शक्य नव्हतं.

"नंदिता," ते म्हणाले. "मी सत्तर वर्षांचा झालो. आजवर कोणापुढे मी कधी… त्या दिवशी दारात मी जे केलं ते भीतीनं केलं, बाळ. आणि नंतर आईकडून, आईकडून म्हणत फिरलो, तेही भीतीनंच. उद्या तपासणीत काही वाईट निघालं, तर तू मला…"

नंदिता पोराच्या तोंडाकडे बघत होती. त्याच्या कपाळावर आठी पडली होती, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच ओठ चोखल्यासारखे हलत होते.

"मामंजी," ती म्हणाली, "हात जरा वर धरा. दूध उतरेना झालंय."