ताळेबंदाबाहेरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, बँकेतला! आर्वीच्या एस.टी. आगारामागे एका सुताराने मला सागवानी चौकटीत बसवले, काळाभोर रंग दिला आणि गावातल्या सहकारी बँकेच्या शाखेत नेऊन टांगले.

तिथले व्यवस्थापक होते अच्युतराव. दर शनिवारी कामकाज संपले की ते खडू घेत आणि कर्मचाऱ्यांना समोर बसवत. कापसाच्या हंगामात व्यापाऱ्याला पैसा कधी लागतो, म्हैस आटली की दूधवाल्याचा हप्ता कसा लहान करायचा, कागद बरोबर असूनही कर्ज केव्हा नाकारायचे, हे सारे ते माझ्यावर मांडून दाखवत. नुकतीच नोकरीला लागलेली मोहिनी त्यांना प्रश्नांनी भंडावून सोडी. पुढे तीही खडू घेऊन उभी राहू लागली. त्या काळात शाखेची कर्जे सहसा बुडत नसत. मुख्य कचेरीतले साहेब माझ्याकडे पाहून मान डोलवत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

अच्युतराव निवृत्त झाले. नवे व्यवस्थापक सुमीत कष्टाळू होते, पण खर्च कमी करा असा वरून हुकूम होता. त्यांनी शनिवारचा वर्ग बंद केला. त्या वर्षी नफा वाढला, त्यांना शाबासकी मिळाली आणि मी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत गेलो. अंगावर धूळ बसली, एका कोपऱ्याला वाळवी लागली.

पण पुढच्या वर्षांत नफा घसरला. जाणती माणसे बदलून गेली, नव्यांना शिकवायला कोणी उरले नाही. एकदा दूधवाल्या पुंडलिकरावांचा आवाज माझ्या खोलीपर्यंत आला, "काऊन बाप्पा, म्हैस आटली का हातात पैसा कमी येते, हे तुमाले मालूम नाई काय? जातो मी दुसऱ्या बँकेत!" ते गेले. त्यांच्यामागे आणखीही गेले. अखेर ही शाखा बंद करून कारंज्याच्या शाखेत मिळवण्याची बोलणी सुरू झाली. मोहिनीने राजीनामा दिला.

त्याच आठवड्यात वर्ध्याच्या मुख्य कचेरीतून तपासणीसाठी नमिता मॅडम आल्या. सामान पाहता पाहता त्या माझ्यापाशी थांबल्या. सुमीत यांनी वर्गाची हकीकत सांगितली. मॅडमनी मोहिनीला बोलावून विचारले, "तुम्ही का निघालात?"

"मॅडम, इथं आता मले शिकवाले कोणी नाई, अन् माह्याजवळचं शिकाले कोणाले वेळ नाई."

मॅडम सुमीत यांच्याकडे वळल्या. "ताळेबंदात खुर्च्या आहेत, पंखे आहेत. मोहिनी कुठे आहेत?"

"माणसं मालमत्तेत कशी दाखवणार, मॅडम? नियमच नाही."

"ताळेबंदात नाही. पण वार्षिक अहवालात वेगळं पान लिहिता येतं. शिकवण्यावर किती खर्च केला, शिकलेली माणसं किती टिकली, त्यांच्यामुळे कोणते ग्राहक राहिले. यालाच बौद्धिक भांडवल म्हणतात."

मॅडमनी मला बाहेर काढायला लावले, स्वतः पुसले. एका बाजूला वर्ग चालू असतानाची वर्षे लिहिली, दुसऱ्या बाजूला बंद पडल्यानंतरची. बुडीत कर्जांचे आकडे शेजारीशेजारी आले आणि सुमीत मोहिनीकडे वळले. मग म्हणाले, "मोहिनीताई, थांबाल? वर्ग तुम्हीच घ्या."

"घेतो नं. पण सर, समोरच्या खुर्चीवर तुमाले बसा लागन!"

सगळे हसले. सुमीत खरोखर बसले.

मॅडमच्या शब्दावरून बँकेच्या संचालकांनी शाखेला वर्षभराची मुदत दिली. मोहिनी नव्या कर्मचाऱ्यांना घेऊन पुंडलिकरावांच्या गोठ्यापर्यंत गेली. दुधाच्या हिशेबाने हप्ता बसवून दिला, तेव्हा ते बँकेत परतले, हळूहळू इतरही आले. वर्षअखेर बुडीत कर्जे घटली, नफा वर चढला आणि शाखा आर्वीतच राहिली. बँकेच्या अहवालात आता बौद्धिक भांडवलाचे पान असते.

मित्रांनो, माझी चौकट एका बाजूने खिळखिळी झाली आहे. तिची मला काळजी नाही, सुतार ती नीट करील. तुम्ही मोठे व्हाल, कोणी दुकान काढाल, कोणी कचेरी चालवाल. तिथे एखादा आपले काम थांबवून दुसऱ्याला शिकवत असेल, तर त्याचा तो वेळ वाया गेला असे कधी लिहू नका. त्याला शिकवायला जागा द्या, आणि जमले तर तुम्हीही समोर बसा.