डाव्या पायाचं ऐकणारी सायकल

हे दोन हजार सोळा सालचं. त्या वर्षी यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात सावरला, पाय मात्र मागे राहिला. घड्याळदुरुस्तीचं दुकान चढाच्या टोकाला. लेक रोज गाडीने सोडायची आणि हे उतरताना पुटपुटायचे, "मी काय पार्सल आहे का?" मला धास्ती होती, स्वतःच्या पायांनी दुकान गाठता आलं नाही तर हा माणूस एक दिवस कुलूप लावेल आणि खिडकीत बसून राहील.

लेकीचं सायकलींचं वर्कशॉप होतं. तिने यांच्या जुन्या सायकलला मोटर बसवली.

"बाबा, ही आपोआप पळत नाही. पायडलवर किती जोर देताय ते ओळखते आणि त्या मापाने साथ देते."

"म्हणजे तुझ्या आईपेक्षा बरी."

पहिल्या दिवशी मी मागून चालत गेले. सपाटीवर ठीक होतं. चढ लागला तसा यांनी उजव्या पायाने दणकून जोर लावला, पण मोटर ढिम्म. निम्म्यात उतरले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून म्हणाले, "विकून टाका."

लेकीने सायकल स्टँडवर घेतली. उजवं पायडल दाबलं, हँडलवरच्या छोट्या पडद्यावरचा आकडा हलेना. डावं दाबलं, तो टुणकन वर. तिचा चेहराच उतरला. जोर मोजणारा सेन्सर फक्त डाव्या बाजूचा होता. दोन्ही पाय सारखे असले की कुणाचं अडत नाही, म्हणून तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"चुकलंच माझं, बाबा. उद्या बदलते."

"थांब. म्हणजे ही या आळशी पायाचंच ऐकते?"

"हो ना."

"मग राहू दे. व्यायाम केला म्हणून डॉक्टरांना थापा मारल्या, हिला कशा मारणार?"

मग रोज थोडं पुढे. आधी बेकरीपर्यंत, मग शाळेच्या फाटकापर्यंत. डावा पाय दाबला की मोटर गुणगुणायची, उजव्याला गप्प. पाठीमागून मला नुसत्या कानांनी कळायचं, आज पाय कसा आहे ते. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ती गुणगुण फाटकापाशी थांबलीच नाही. मी धापा टाकत वर पोचले, तर शटर उघडं, डोळ्याला भिंग लावून हे कामाला बसलेले.

"उशीर केलास," मान वर न करता म्हणाले.

पुढे सहा वर्षं हे त्याच सायकलवरून दुकानात गेले. मग एका दुपारी झोपेतच गेले. बुटांत डाव्याचा तळ जास्त झिजलेला होता. दुकानात आता चष्मेवाला बसतो. लेकीच्या हाताखाली चार माणसं आहेत. मोटर बसवायला कुणी आलं की ती आधी विचारते, "कुठला पाय दुखतो?"

मला सायकल कधीच आली नाही. तरी महिन्यातून एकदा तिची बॅटरी चार्ज करते आणि डावं पायडल हाताने दाबून बघते. मोटर गुणगुणते.