जिन्यात मारलेली खूण

"सर, दंडाला काय झालं?"

रक्तदाबाचा पट्टा सोडताच सिस्टरला दंडावर निळाजांभळा डाग दिसला होता. गेल्या मंगळवारी तिनं याच दंडाला हाच पट्टा बांधला होता, तेव्हा तिथं काही नव्हतं.

"तुम्हीच आवळलात, आणि वर मलाच विचारता," सर पलंगावर डोळे मिटूनच म्हणाले. सर म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक. खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी येऊन त्यांना आठ दिवस झाले होते. पाय किती अंश वळवायचा आणि का, यावर त्यांनी गेल्या खेपेला सिस्टरशी हुज्जत घातली होती. आज त्यांनी पायाचा विषयच काढला नाही, आणि तेच तिला खटकलं.

"सकाळपासून डोकं दुखतंय म्हणतात," सरांच्या पत्नी, काकू, दारातूनच म्हणाल्या. "काल बाथरूमच्या दाराला कपाळ लागलं जरासं. खोक नाही, काही नाही. म्हटलं, चालताना पुढं बघावं माणसानं."

"हिरड्यांतून रक्त येतं का हो त्यांच्या?"

"ब्रश करताना येतं थोडं. चार दिवस झाले."

"मग फोन नाही केलात?"

"अहो, हिरड्यांसाठी कुणी फोन करतं का?"

सिस्टरनं उशाजवळची सात खणांची डबी उघडली. आठवड्याच्या गोळ्या तिनंच भरल्या होत्या, हॉस्पिटलच्या यादीवर बोट ठेवून. सात खण रिकामे, म्हणजे एकही चुकली नव्हती. संध्याकाळची पांढरी गोळी रक्त पातळ ठेवणारी. सरांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत, त्यासाठी ती हवीच होती. हिशोब चोख होता. घरोघरी सिस्टर पाठवणाऱ्या तिच्या ऑफिसात तिला 'बिनचूक बाई' म्हणत. थट्टेनं की कौतुकानं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"काकू, या डबीतल्या सोडून आणखी काही देता?"

"छे हो. डबीतल्याच. आणि आपली नेहमीची."

"नेहमीची कुठली?"

काकूंनी स्वयंपाकघरातल्या कपाटातून एक पाकीट आणलं. देताना त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. "ही. अकरा वर्षं एक दिवस चुकवलेली नाही. आपल्या डॉक्टरांनी बजावलंय, काही झालं तरी ही बंद करायची नाही. हॉस्पिटलवाले विसरले असतील, पण मी कशी विसरेन?"

सिस्टरनं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. कंपनी वेगळी, रंग गुलाबी, आणि औषध तेच. आठ दिवस सरांच्या पोटात सकाळी गुलाबी आणि संध्याकाळी पांढरी जात होती, आणि असं पातळ झालेलं रक्त घेऊन हा माणूस काल दारावर कपाळ आपटून बसला होता.

"सर, आपल्याला हॉस्पिटलला जायचंय. आत्ता."

"मी नाही येणार." सरांनी डोळे उघडले. "पंधरा दिवस तिथलं छत बघितलंय मी. सगळ्या फरशा मोजून झाल्यात."

"सर, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज किती?"

काकूंना हसू आलं. ही काय भलत्या वेळी परीक्षा? सरांनीही कपाळाला आठी घातली. "एकशे…" ते म्हणाले. मग थांबले. ओठ नुसते हलले. "सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

काकूंचं हसू विरलं. छत्तीस वर्षं त्या माणसानं दुसरं काही सांगितलं नव्हतं.

सिस्टरनं आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला. वीस मिनिटं लागतील म्हणाले. मग तिनं ऑफिसला लावला. डॉक्टर, हॉस्पिटल, व्यायाम घेणारी बाई आणि सिस्टर या सगळ्यांची मोट बांधणाऱ्या मॅडम तिथं बसत. मॅडम कामाला वाघ होत्या. मधे एकही प्रश्न न विचारता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हॉस्पिटलला कळवते. तुमचा मागच्या भेटीचा फॉर्म काढलाय." "सिस्टर, 'घरातली जुनी औषधं पाहिली', इथं तुमची खूण आहे."

खूण होतीच. गेल्या मंगळवारी आधीच्या घरी एका जखमेच्या ड्रेसिंगनं तासभर जास्त खाल्ला होता. इथं आली तेव्हा काकू आंघोळीला गेलेल्या, आणि पुढच्या घरून दोन फोन येऊन गेलेले. फॉर्मचे शेवटचे रकाने तिनं जिना उतरता उतरता भरले होते. सगळ्याच भरतात. घरात बसून भरायचे ते आकडे, आणि जिन्यात भरायच्या त्या खुणा, असं या धंद्यात कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं.

"म्हणजे घरच्यांनी दाखवली नाहीत," मॅडम सावकाश म्हणाल्या. "लपवली म्हणत नाही मी. पण सांगितलं नाही. तसं लिहू का?"

सिस्टरनं पलंगाकडे पाहिलं. काकू खाली बसून सरांच्या पायात मोजे चढवत होत्या. एक मोजा उलटा होता, तो काढून त्या सुलटा करत होत्या. एक क्षण, दोन म्हणा हवं तर, कारण सिस्टर काही संत नव्हती, तिला मॅडमचं वाक्य फार बरं वाटलं. ते खोटंही नव्हतं. काकूंनी सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी पाहिली नाहीत. विचारलंही नाही. तसं लिहा."

"नीट विचार करा. चौकशी लागेल."

"लागू दे. आधी दोन्ही गोळ्यांचे डोस घ्या आणि हॉस्पिटलला सांगा. शेवटची आज सकाळी आठला दिलीय."

ॲम्ब्युलन्समध्ये सिस्टर दर पाच मिनिटांनी सरांच्या बुबुळांवर बॅटरी मारत होती. काकू त्यांचा तळहात धरून बसल्या होत्या. "मीच दिली ना हो?" त्या एकदा म्हणाल्या. "रोज. माझ्या हातानं." सिस्टर नाडी मोजत होती. मोजून झाल्यावरही ती मोजतच राहिली.

निरोप पोचला होता म्हणून सरांना दारातूनच थेट तपासणीला नेलं. अर्ध्या तासानं तरुण डॉक्टर बाहेर आले. "डोक्यात रक्तस्राव आहे. मोठा नाही. औषधाचा उतारा दिलाय. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही." मग कागदाकडे बघत ते म्हणाले, "संध्याकाळची तिसरी गोळी गेली असती, तर काय झालं असतं…" आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. आजची ती तिसरी नव्हती, दुसरी होती, पण बिनचूक बाईनं ते दुरुस्त केलं नाही.

तेवढ्यात सरांची मुलगी आली. कामावरून तशीच धावत आलेली, गळ्यात ओळखपत्र. डॉक्टरांचं ऐकता ऐकता तिचा चेहरा तांबडा झाला.

"डबल डोस? आठ दिवस?" ती भिंतीलगतच्या बाकाकडे वळली. "आई, कुणी दिला?"

काकूंनी मान खाली घातली. शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारख्या त्या उभ्या राहायला लागल्या.

"बसा, काकू." सिस्टर पुढं आली. "चूक माझी आहे. घरात जुनी औषधं काय आहेत ते पहिल्याच दिवशी बघायचं असतं. मी न बघता बघितलं म्हणून लिहिलं. आई अकरा वर्षं देत होत्या तेच देत राहिल्या. त्यांना कुणी थांबवायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला आवाज कापला नव्हता.

ओरडायला उघडलेलं तोंड मुलीनं मिटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही आमच्या घरी पुन्हा यायचं नाही."

"नाही येणार," सिस्टर म्हणाली.

मुलगी डॉक्टरांच्या मागं आत गेली. दार बंद झालं. सिस्टरनं खांद्यावरची बॅग सावरली. पुढच्या घरी कुणाला तरी पाठवायला ऑफिसला सांगायचं होतं, आणि आता निघायला हवं होतं. पण ती बंद दारापाशीच उभी राहिली.

दाराकडे बघत काकू बाकावर थोड्या बाजूला सरकल्या, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांनी हात टेकवला.

सिस्टर बसली.