कागदावरची कावीळ

छावणीतल्या व्यसनमुक्ती केंद्रात जायचं म्हणून मोनिकानं नवऱ्याची, इंद्रजीतची फाईल आदल्या दिवशीच लावून ठेवली होती. तीन वर्षांचे कागद, अगदी तारखेवार. घरात धड फोल्डर एकच होतं, ओवीच्या बालवाडीचं. त्यावर गाजर खाणारा ससा होता.

केंद्रातल्या अंबिका मॅडमनी सशाकडे पाहिलं आणि कागद उलटायला घेतले. साडेतीन वर्षांची ओवी आईच्या मांडीवर बसून टेबलावरची टाचण्यांची डबी न्याहाळत होती. मोनिका तिचे हात हळूच धरून ठेवत होती. शेवटचा कागद उलटला, तसा मॅडमनी चष्मा काढला.

"ताई, यात दारू कुठंय?"

"म्हणजे?"

"हे बघा. कावीळ. पुढं परत कावीळ. अशक्तपणा. चक्कर येऊन पडल्यामुळं डोक्याला मार. या फाईलवरून तर तुमच्या मालकांनी जन्मात थेंब घेतलेला नाही."

मोनिकाला हसू आलं. ते रडण्याच्या अगदी जवळचं होतं, म्हणून तिनं ओवीच्या केसांत तोंड घातलं.

या खुर्चीपर्यंत पोचायला तिला चार महिने लागले होते. साड्यांना फॉल-पिको करता करता कानाला फोन लावून तिनं अर्धा महाराष्ट्र पालथा घातला होता. पुण्याच्या बाईनं गोड आवाजात महिन्याचा आकडा सांगितला, तेव्हा मशीनवरचा पाय आपोआप थांबला. नाशिकला दोन महिने जागा नव्हती. शहराबाहेर एका ठिकाणी ती स्वतः जाऊन आली. तिथं दाराला बाहेरून कुलूप होतं. दारातला माणूस म्हणाला, "पंधरा दिवस भेटायचं नाय. ओरडला तरी यायचं नाय. बायका रडत्यात, मग पेशंट बिघडतो." तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलंच. ओवीला कडेवर घेऊन ती हमरस्त्यापर्यंत चालत आली, रिक्षासाठीसुद्धा थांबली नाही. सरकारी दवाखान्यात औषध मिळत होतं, पण पेशंटनं दर आठवड्याला स्वतः यायला हवं. इंद्रजीत दोनदा गेला. तिसऱ्यांदा निघाला आणि पोचलाच नाही, केसपेपरही वाटेतच हरवला.

मग या ट्रस्टच्या केंद्राचं कळलं. पस्तीस दिवस ठेवून घेतात, डॉक्टर असतात, आणि सहा खाटा सवलतीच्या. त्यातली एक गुरुवारी रिकामी होणार होती.

"सवलतीच्या खाटेला आधीच्या उपचाराचा पुरावा लागतो," अंबिका मॅडम म्हणाल्या. "नाहीतर पेशंटच्या आई-वडिलांनी इथं येऊन लिहून द्यायचं, की आमचा मुलगा दारूचा व्यसनी आहे. आपल्या हातानं लिहायचं, खाली सही."

"माझी सही चालंल ना? मी बायको आहे."

"नाही चालत हो. एका बाईनं घराच्या वाटणीपायी चांगल्या धडधाकट नवऱ्याला इथं भरती केलं होतं. कोर्टापर्यंत गेलं प्रकरण. तेव्हापासून आई नाहीतर बाप. गुरुवारी चारपर्यंत आणा, खाट तुमची. शुक्रवारी मला पुढच्याला द्यावी लागेल."

तो दिवस मंगळवार होता.

घरी परतताना उस्मानपुऱ्यात वळल्यावर मोनिका थेट मुकुंद डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरली. 'कावीळ' हा शब्द सगळ्यात आधी त्यांच्याच पेननं लिहिला गेला होता. तीन वर्षांपूर्वी इंद्रजीतला रक्ताची उलटी झाली, तेव्हा देवगाव रंगारीहून सासू धावत आली होती. वच्छलाबाईंनी डॉक्टरांपुढं पदर पसरला. "कागदावर दारूचं नका लिहू, दादा. माझी पोरगी लग्नाची हाय. बाप पिऊन गेला, भाऊ बी पितोय म्हणल्यावर दारात कोण येईल?" सासरे पुंजाराम गेले तेही गावाच्या लेखी काविळीनंच. डॉक्टर भला माणूस. आणि डोळे पिवळे तर होतेच. त्यांनी कावीळ लिहिलं.

मग त्या काविळीचं सगळं साग्रसंगीत झालं. कंपनीतले दोस्त उसाचा रस घेऊन आले. शेजारणींनी बिनफोडणीचं वरण आणून दिलं. वच्छलाबाई तर लेकाला कन्नडकडच्या एका म्हाताऱ्याकडे कावीळ उतरवायला घेऊन गेल्या. त्यानं मंत्र पुटपुटत इंद्रजीतचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले आणि पाणी पिवळंजर्द झालं. चारचौघांनी डोळ्यांनी पाहिलं. एवढ्या पिवळ्या पाण्यापुढं मोनिकाच्या बोलण्याला कोण विचारतो? इंद्रजीत स्वतःच थट्टा करायचा. बाटली काखोटीला मारून जिना चढताना ओवीला हाक मारायचा, "ओवीबाई, कावीळवाले आले बरं का! रस आणलाय."

डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग उठून खोलीचं दार लोटलं.

"मोनिका, दोन्ही वेळचं बिल कंपनीच्या विम्यातून निघालंय. दारू लिहिलं असतं तर त्यांनी तेव्हाच हात वर केले असते. आता मी लिहिलं की तो खोटेपणा ठरतो. त्याची नोकरी जाईल, अन् माझं काय होईल ते मलाही माहीत नाही."

"मग मी काय करू, सर?"

"सासूबाईंना घेऊन जा ना. आईच्या सहीला कोण नाही म्हणतं?" थोडं थांबून ते म्हणाले, "अन् एक लक्षात ठेव. भरती होईपर्यंत घरी एकदम बंद करायला जाऊ नका. मागच्या वेळचा झटका आठवतोय ना? थोडी थोडी, वेळेवर द्या. पुढचा झटका कदाचित माझ्यापर्यंत आणूही देणार नाही."

तो झटका विसरण्यासारखा नव्हता. शिवजयंतीच्या सुट्टीत इंद्रजीतनं ओवीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती. खरंच सोडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मोरीच्या फरशीवर ताठ झालेला मिळाला.

बुधवारी ओवीला घेऊन ती एसटीनं देवगावला गेली. घरात साखरपुड्याची गडबड होती. नणंदेची, अमृताची सोयरीक अखेर जमली होती आणि रविवारी कार्यक्रम होता. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. वच्छलाबाई ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. नातीला पाहताच त्यांनी सूप बाजूला सारलं आणि तिला कवेत घेतलं.

"माझी बाई आली! मोने, इंद्रा कुठंय? टोपी-उपरणं त्याच्याच हातानं द्यायचंय जावयाला. बापाच्या जागी तोच."

"आत्या, त्यांना भरती करायचंय. उद्या. तुमची सही लागती."

सुपातले गहू पुन्हा खाली-वर झाले. "कसली सही?"

मोनिकानं सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली आणला, की तिचं तिलाच नीट ऐकू येईना. घरात अमृता बांगड्यांची मापं लावून बघत होती.

"माझ्या हातानं लिहू? की माझं पोरगं दारुडं हाय?"

"कागद केंद्रातच राहतो, आत्या. कुणी बघत नाय."

"तुला काय ठावं! जावयाची मावसबहीण छावणीतच राहती. आपल्या लोकांत भिंतीला कान नसत्यात गं, भिंतीला तोंड असतंय." वच्छलाबाईंनी पदर पसरला, पूर्वी डॉक्टरांपुढं पसरला होता तसाच. "रविवार होऊ दे, मोने. चार दिसाचा तर सवाल हाय. सोमवारी पहिल्या गाडीनं येते. सही काय, कागदावर डोकं ठेवते."

"खाट शुक्रवारी जाईल."

"खाट जाईल तर दुसरी येईल. सोयरीक मोडली तर दुसरी येईल का? तूच सांग."

अमृता बाहेर आली, वहिनीचा चेहरा पाहून काय समजायचं ते समजली आणि खाली मान घालून पुन्हा आत गेली. एकोणतीस वर्षांची पोरगी. तीन स्थळं परत गेलेली.

गुरुवारी चार वाजता मोनिका मशीनवर बसली होती. सव्वाचारला तिनं अंबिका मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "उद्या दहापर्यंत थांबते. त्यापुढं माझ्या हातात नाही." शुक्रवारी दहा वाजून गेले. त्या सकाळी इंद्रजीतनं ओवीची वेणी घातली, हात थरथरत होते म्हणून तीनदा सोडून पुन्हा घातली. वर मान न करता त्यानं विचारलं, "झालं का काय माझं?"

"सोमवारी बघू म्हणल्या आत्या."

"बघ बरं. मी तयार हाय, मोनिका. कुठंबी टाक." हे तो शुद्धीत बोलला होता, म्हणून ते ऐकवेना.

रविवारी देवगावच्या दारात मांडव पडला. पाहुणे आले, चहा झाला, नवरदेवाला पाटावर बसवलं. इंद्रजीत आतल्या खोलीत होता. सकाळपासून काही मिळालं नव्हतं. कपाळावर घाम फुटला होता आणि शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. मोनिका बटण लावून देत होती, तोच वच्छलाबाई आत आल्या आणि त्यांनी दाराला कडी घातली. पदराखालून स्टीलचा तांब्या काढला, त्यावर वाटी उपडी घातलेली होती. वाटी काढली तसा वास खोलीभर झाला.

"घे बाबा. हात थिर होईपर्यंतच. टिळा लावायचा हाय."

इंद्रजीतनं आईकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. तो घेईना. म्हातारीनं तांब्या त्याच्या ओठाला लावला, लहान लेकराला पाणी पाजावं तसा, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या हनुवटीखाली पदर धरला, नव्या शर्टावर सांडू नये म्हणून.

टिळा सुरेख लागला. टोपी सरळ बसली. कुणीतरी म्हणालं, "तब्येत सुधारली दिसती इंद्रजीतची. कावीळ लई वाईट." वच्छलाबाई सगळ्यांना पेढे वाटत होत्या.

सोमवारी त्या खरंच पहिल्या गाडीनं आल्या. निघताना अमृता घरातच होती, गाव अजून झोपेत होतं. साखरपुड्याचंच नवं लुगडं नेसून त्या छावणीत अंबिका मॅडमसमोर बसल्या. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं अक्षर, एकेक काना ओढत. 'माझा मुलगा' एवढं लिहून पेन थांबलं. त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या इंद्रजीतकडं पाहिलं. तो ओवीच्या चपलेचा पट्टा लावत होता. मग त्यांनी उरलेलं लिहिलं आणि सही केली.

"झालं. कोणती खोली?"

"आजी, खाट शुक्रवारीच गेली. ताईंना सांगितलं होतं मी. आता हा कागद जोडून यादीत नाव लावते. सातवं."

"म्हंजी कधी?"

"दिवाळीपर्यंत कदाचित. कुणी मधेच सोडून गेलं तर आधी."

वच्छलाबाई कागदाकडं बघत राहिल्या. शाई अजून ओली होती. त्यांनी हात पुढं केला.

"मग हा माघारी द्या. खाटच नाय, तर कागद कशापायी ठेवता?"

अंबिका मॅडमनी मोनिकाकडं पाहिलं. मोनिकानं सासूचा हात धरला आणि टेबलावरून मागं घेतला. "राहू द्या, मॅडम."

"मोने!"

"राहू द्या."

घरी आल्यावर म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

दिवे लागायच्या वेळेला इंद्रजीतचे हात पुन्हा थरथरायला लागले. मोनिकानं स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरून बाटली काढली. ती तिनंच आणली होती, तोंडाला ओढणी बांधून, रांगेत पुरुषांच्या मधे उभं राहून. मापायला घरात दुसरं काही नव्हतं. ओवीच्या खोकल्याच्या औषधाचं पारदर्शक झाकण होतं, आकडे छापलेलं. तिनं उजेडात धरून रेषेपर्यंत भरलं. तीन झाकणं, पाण्यात. पुढची नऊ वाजता. तिनं कॅलेंडरवर लहान अक्षरात वेळ लिहिली. दिवाळीपर्यंतची पानं उलटून पाहावीशी वाटली, पण पाहिली नाहीत.

इंद्रजीत पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला.

"ते माझं झाकण आहे," ओवी म्हणाली. "बाबाला पण खोकला झाला?"

मग भिंतीकडं तोंड करूनच आजी म्हणाली, "कावीळ झाली बाई त्याला."

"हं," ओवीला ते ठाऊकच होतं.

मोनिका मोरीपाशी गेली. ओवीला झोपायच्या आधी औषध द्यायचं होतं, त्याच झाकणानं. तिनं ते साबणानं धुतलं, हुंगून पाहिलं, पुन्हा धुतलं.