चौकोनी घडी

"दाखव बघू ताट," आई फोनवरून म्हणाली.

विद्यापीठाच्या खानावळीत, भांड्यांच्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्याने फोन ताटावर धरला. वाफाळता भात, भाजी, दोन अंडी, केळं.

"छान आहे की! सगळं खातोस ना रे? मग गळ्याची हाडं का दिसताहेत?"

"कॅमेराच तसा आहे गं. ठेवतो, गार होतंय."

फोन ठेवला की पुढचं ठरलेलं. दोन घास इकडचे तिकडे करायचे, कागदी रुमालाची नीट चौकोनी घडी घालून अन्नावर ठेवायची, ताट भांडी घासणाऱ्याच्या खिडकीत सरकवायचं आणि चालू पडायचं. आईशी खोटं बोलायला नको म्हणून काढलेली शक्कल ही! ताट तर खरंच होतं ना? परदेशी शिकायला गेलेल्या पोराच्या अकलेचे दिवे, दुसरं काय.

सुरुवात साधीच होती. नवा देश, पहिल्याच सहामाहीत बुडालेला एक विषय, आणि वसतिगृहात कुणीतरी मारलेली हाक, "काय रे ढोल्या!" अभ्यास हाताबाहेर गेला होता, खाणं मात्र हातात होतं. वजन उतरलं तसे तेच मित्र पाठीवर थाप मारू लागले, "काय बॉडी काढलीस लेका!" मग थांबतोय कोण? जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, पट्ट्याला दोनदा नवं भोक पाडून झालं, तरी आरशात ढोल्याच उभा. हा आजार असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. असले आजार मुलींना होतात, हे त्याला कुणी न शिकवताच पाठ होतं.

त्या दिवशी त्याने ताट सरकवलं, आणि रबरी मोजा घातलेल्या हाताने ते परत बाहेर ढकललं.

"आज नाही घेणार," आतून आवाज आला. तोही चक्क आपल्या भाषेत!

खिडकी कमरेएवढी बुटकी. वर्षभरात त्याने या माणसाचे कोपरापर्यंतचे हात तेवढे पाहिले होते.

"तुमचा काहीतरी गैरसमज..."

"चौकोनी घडी. तूच ना? मला इथून तोंडं दिसत नाहीत बाळा, ताटंच दिसतात. दोन महिने बघतोय. आईशी बोलतोस तेही ऐकू येतं."

तो शरमेने अर्धमेला झाला. "कुणाला सांगू नका," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. आणि तेव्हा पहिल्यांदा त्याला कळलं, की सांगण्यासारखं काहीतरी आहे.

"मी अडीचला जेवतो. मागच्या दाराने ये. मला एकट्याला घास जात नाही."

हे साफ खोटं होतं. तीस वर्षं हा गृहस्थ एकटाच जेवत होता, आणि चांगला दणकून जेवत होता.

मागच्या दारी उलट्या क्रेटवर दोघं बसले. 'खा' असं मामा एकदाही म्हणाला नाही. हो, मामाच, दुसऱ्या दिवसापासून तो मामाच झाला. मामा आपला गुडघ्यांबद्दल आणि सारख्या बिघडणाऱ्या धुण्याच्या मशीनबद्दल कुरकुरत राहिला. पोराने अर्धा पाव खाल्ला आणि तो ढसाढसा रडला.

"रड बिनधास्त," मामा म्हणाला. "नाहीतरी आज मीठ कमीच पडलंय."

आठव्या दिवशी मामा म्हणाला, "आता डॉक्टर. ताट घासणं माझ्या हातातलं, हे नाही." आणि पायांतले गमबूटही न काढता तो विद्यापीठाच्या दवाखान्यात त्याच्यासोबत गेला. बाहेरच्या बाकड्याखाली पाण्याचं थारोळं झालं, तरी बसून राहिला.

"बरं झालं आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलगे येतात, पण फार उशिरा." हृदयाचे ठोके इतके मंद निघाले की त्यांनी त्याला तिथेच ठेवून घेतलं. आणखी महिना गेला असता तर काय झालं असतं, हे त्याने विचारलं. त्यांनी ठोक्यांच्या आलेखाचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

बरं व्हायला दीड वर्ष लागलं. मधे दोनदा घडी परत आली, दोन्हीदा ताट परत आलं. आईला त्याने सगळं सांगून टाकलं. ती आठ दिवस रडली, मग 'ताट दाखव' म्हणणं तिने सोडून दिलं.

शिक्षण संपलं. उद्याचं विमान होतं. त्या दुपारी त्याने स्वतःहून आईला फोन लावला.

"आई, ताट बघ." ताट रिकामं होतं, चुरगळलेला रुमाल एका कडेला. "आणि हे कुणामुळे तेही बघ. मामा, आई आहे!"

"अरे, मी असा भिजलेला, कशाला फोन समोर आणतोस," आतून मामा पुटपुटला. पण मोजा काढून त्याने एक हात खिडकीबाहेर काढला. पाण्यात राहून बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली.

आईने काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन तो हात नीट पाहिला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

हात तसाच राहिला. आत नळ वाहत होता, तो बंद झाला.

"अडीचला जेवतो, ताई. तुमचा मुलगा असतो सोबत." मग जरा थांबून, "उद्यापासून मात्र एकट्याला घास जाणं कठीण आहे."

पोराने ताट खिडकीत सरकवलं. मामाच्या हाताने चाचपडत ते रिकामं ताट उचललं आणि आत घेतलं.