वहिनी नावाचे बटण

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. आत्मवृत्त सांगावे असे माझ्या आयुष्यात काही घडले आहे की नाही, याची मला अजूनही शंका वाटते. जन्मभर मी दुसऱ्यांचे शब्द पुढे पोहोचवले; स्वतःचा एकही लिहिला नाही. तेव्हा सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक, उजळ कारखान्यात झाला. एका बाकावर माझ्या स्प्रिंगा बसवल्या गेल्या, पुढच्या बाकावर अक्षरांच्या टोप्या. शेवटच्या बाकावर एक तपासनीस बाई डोळे मिटून प्रत्येक बटण दाबून पाहत. डोळे उघडे असले की कान नीट ऐकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्यावरून बोटे फिरवून त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. तेवढी शाबासकी मला कित्येक वर्षे पुरली.

तिथून मी एका कोशाच्या कचेरीत आलो. तिथे मुलांसाठी शब्दकोश तयार होत होता. खिडकीपाशी टेबल, टेबलावर एक बोजड पडदा आणि त्याच्या काळ्या काचेवर हिरवी अक्षरे. खरा संगणक शेजारच्या थंड खोलीत गुरगुरत असे; आम्ही त्याच्याशी वायरीतून बोलत होतो. तेव्हा माउस नव्हता. मजकुरात कुठे जायचे, काय पुसायचे, काय उचलून कुठे ठेवायचे, हे सगळे हुकूम माझ्या उजव्या अंगाला असलेल्या आकड्यांच्या बटणांतून जात. त्या संपादन-प्रणालीत आकडे हे आकडे नव्हतेच. चार दाबले की कर्सरचे तोंड पुढे, पाच दाबले की तोंड मागे. मग एक दाबत राहिले की त्या दिशेने एकेक शब्द ओलांडत जायचे. वजाच्या बटणाने शब्द पुसला जाई, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या बटणाने अख्खी ओळ.

या सगळ्यांहून न्यारे बटण म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातले. ते एकटे काहीच करत नसे. पण ते आधी दाबले की पुढच्या बटणाचा स्वभावच पालटे. ओळ पुसणारे बटण पुसलेली ओळ परत आणून देई. मजकूर कापणारे बटण तो चिकटवू लागे.

माझ्यावर काम करणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्या बटणाला सोनेरी नेलपॉलिश लावले आणि त्याचे नाव ठेवले 'वहिनी'. कोशाचे काम त्यांच्या दादाने सुरू केले होते आणि दादाची बायको, म्हणजे खऱ्या वहिनी, समोरच्या टेबलावर मुद्रिते तपासत.

"वहिनी नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी घरातला प्रत्येक माणूस वेगळं वागायला लागतो," बाई म्हणाल्या. "या बटणाचं तसंच आहे."

"मी इथंच बसलेय, वन्सं," वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

"म्हणून तर मोठ्यानं म्हटलं!"

एकदा ते बटण अडकू लागले. बाईंनी थंड खोलीतल्या तंत्रज्ञांना निरोप पाठवला, "वहिनी अडकतात, जरा साफ करून द्या." ते गृहस्थ दारापर्यंत आले आणि तिथेच थबकले. घरगुती भांडणात आपण कशाला पडावे, असा त्यांचा चेहरा झाला होता.

मित्रांनो, बाईंचा उजवा हात माझ्यावर कसा फिरे, ते मला नीट सांगता येईल असे वाटत नाही. त्या माझ्याकडे पाहत नसत. पाचच्या बटणावरची बारीकशी उठलेली टिंबी मधल्या बोटाला लागली की बाकीची बटणे त्यांना आपोआप सापडत. दादा शेजारी उभा राहून अर्थ सांगे, मध्येच "नको, आधीचंच बरं होतं" म्हणे, आणि त्याचे वाक्य संपायच्या आत आधीचे पडद्यावर परत आलेले असे. भरतकाम करणारे हात मी पाहिले नाहीत, पण ते असेच असावेत.

कोश संपत आला असताना दादा गेला. दोघी नणंदा-भावजयांनी काम थांबवले नाही. फक्त मध्ये जिथे दादा उभा राहायचा, तिथे कोणी खुर्ची ठेवली नाही.

पुढे एके दिवशी कळले की थंड खोलीतला संगणक बंद होणार. शनिवारी संध्याकाळी तो कायमचा झोपणार, आणि त्याआधी शेवटचे प्रकरण छापखान्यात गेले पाहिजे. नेमक्या त्याच आठवड्यात बाई कपाटावरचे बाड काढताना स्टुलावरून पडल्या. दोन्ही मनगटे प्लास्टरमध्ये. चहाचा कपसुद्धा वहिनींनी तोंडाला लावावा लागे.

"तुम्ही बसा कीबोर्डवर," बाई वहिनींना म्हणाल्या. "मी सांगते तसं दाबा."

"मला रेडिओ लावता येत नाही, वन्सं."

"त्याला कान लागतात. याला बोटं लागतात."

शुक्रवारी सकाळी वहिनी माझ्यासमोर बसल्या. एकेक बटण शोधायला त्या माझ्यावर वाकत. मला धाकधूक होती. आपण चुकीचे काही पोहोचवले तर! दुपारपर्यंत काम कसेबसे पुढे सरकले. मग पहिला गोंधळ झाला.

"वहिनी, ही ओळ पुसा," बाई म्हणाल्या.

वहिनींनी इमानाने सोनेरी बटण दाबले, मग ओळीचे. मघाशी पुसलेली ओळ टुणकन परत आली. त्यांनी पुन्हा तसेच केले. तीच ओळ दोनदा उभी राहिली.

"मी पुसतेय आणि ही वाढतेय!"

बाई हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात आल्या. "अहो, ती तुम्हाला हाक होती! मी वहिनी म्हटलं की बटण दाबायचं नाही. ती हाक समजायची."

"बरं. हाक," वहिनींनी ते मनाशी पक्के केले.

आणि संध्याकाळच्या सुमारास व्हायचे ते झाले. 'ह'च्या पानांत वहिनींचे बोट घसरले आणि एक भलतीच ओळ गेली. ती 'हात' या शब्दाच्या अर्थाची ओळ होती. दादाने तो अर्थ कागदावर कधी उतरवला नव्हता. उभ्या उभ्या सांगितला होता आणि बाईंनी तो थेट मजकुरात घेतला होता.

बाई ओरडल्या, "वहिनी! वहिनी, ओळ!"

वहिनींनी मघाचा धडा पाळला. हाक आहे असे समजून सोनेरी बटण वगळले आणि नुसते ओळीचे दाबले. आणखी एक ओळ गेली. मित्रांनो, ती प्रणाली शेवटी पुसलेली एकच ओळ लक्षात ठेवत असे. दुसरी आत गेली की पहिली विसरली जाई. बाईंना ते ठाऊक होते. त्यांचा चेहरा पाहून वहिनींनाही समजले.

"यांची ओळ गेली का हो?" वहिनींनी हळूच विचारले.

"आठवते ना आपल्याला. आपण परत लिहू. 'शरीराचा भाग, जो रिकामा असला की दुसऱ्याला देता येतो.'"

"रिकामा नाही, वन्सं. 'मोकळा असला की.'"

"रिकामा! मी टाइप केलंय."

"आणि मी ऐकलंय!"

एका शब्दाचा प्रश्न होता, पण ते शब्दकोशाचे घर होते.

मग बाई म्हणाल्या, "एक वाट आहे. सकाळपासून आपण जतन केलेलं नाही. जतन न करता बाहेर पडलो, तर सकाळचा मजकूर जसाच्या तसा मिळेल. पण आजचं सगळं काम जाईल. दोन्ही ठेवायला संगणकाच्या तबकडीत जागा नाही."

"आणि उद्या संध्याकाळी ते यंत्र बंद."

"हो. नाही झालं तर प्रकरण अर्धंच छापलं जाईल. तुमच्या हातचं काम आहे, तुम्ही ठरवा."

वहिनींनी दोन्ही हात माझ्यावरून उचलले, पदराला पुसले आणि परत ठेवले. "काम काय, मी परत करीन. यांना परत कुठून आणू? सांगा, काय दाबू."

दिवसभराचे काम गेले. मजकूर पुन्हा उघडला. 'ह'ची पाने आली, आणि हिरव्या अक्षरांत ती ओळ जागच्या जागी होती:

हात: शरीराचा तो भाग, जो रिकामा असला तरी दुसऱ्याला देता येतो.

"'तरी' होतं," बाई पुटपुटल्या.

"दोघी चुकलो," वहिनी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी वहिनी लवकर आल्या. "आधी त्या बटणाचं नाव बदला. हाक आणि हुकूम एकाच नावानं नको."

"काय ठेवू?"

"वन्सं. तुम्ही म्हणाल तसं मी दाबीन. माझा काही गोंधळ होणार नाही, तुम्ही काही मला वन्सं म्हणत नाही."

त्या दिवशी खोलीत एक सूर लागला होता. "वन्सं, ओळ. वन्सं, शब्द. पुढे, पुढे, पुढे." काल वाया गेलेला दिवस वहिनींच्या बोटांत मुरला होता. पाचावरची टिंबी त्यांनाही सापडली. मी पाहत होतो, त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या! यंत्राची गुरगुर थांबण्याआधी प्रकरण छापखान्याकडे निघाले होते.

नंतर नवे संगणक आले. त्यांच्या कीबोर्डवरचे आकडे नुसते आकडेच होते. मी कपाटावर गेलो, धूळ खाल्ली, आपले काम संपले असे धरून चाललो. एकदा सफाईवाल्याने मला खाली काढले आणि नखाने कोपरा खरवडू लागला.

"बाई, यावर काहीतरी सांडलंय."

वहिनी लगबगीने उठून आल्या. "सांडलेलं नाही ते. आमच्या वन्सं आहेत त्या."

तेव्हापासून मी छापलेल्या कोशाशेजारी फळीवर आहे. मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. एखाद्या जुन्या वस्तूवर रंगाचा ठिपका दिसला, तर तो खरवडण्याआधी घरात कोणाला तरी विचारा. आणि कधी इकडे आलात, तर कोशातला 'हात' काढून वाचा. त्यातल्या 'तरी'साठी वहिनींनी आपला अख्खा दिवस पुसला, आणि तो हुकूम माझ्यातून गेला. माझ्यासारख्या कीबोर्डला एवढे पुष्कळ झाले.